वारंवार बंद पडणाऱ्या संगणकाचे निदान

बालरोगतज्ज्ञाने संगणकाविषयी लिहावे, हा काहींना अनधिकार प्रवेश वाटेल. परंतु निदानाचा जो धडा मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवला, तोच मला आमच्या घरच्या संगणकाने पुन्हा शिकवला.

कामरेजला दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचे घर आहे. २०२२ च्या दिवाळीत मी आणि माझ्या मुलाने सुटे भाग आणून हा संगणक जोडला. बालकांच्या लसीकरणाच्या नोंदी त्यावरच असत. वर्षभर तो निमूट चालला. मग एकाएकी पडद्यावर निळा रंग, त्रुटीचा संदेश आणि आपोआप पुन्हा सुरू होणे, असे झटके येऊ लागले.

प्रथम मी चूक केली. विंडोज दोनदा नव्याने घातले. विषाणूजन्य तापात प्रतिजैविके बदलत राहण्यासारखाच तो प्रकार! त्यानंतर मात्र वही घेतली आणि रीतसर रुग्णेतिहास लिहू लागलो.

विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नेल-पॉवर ४१’ असा शेरा वारंवार दिसे. त्याचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता थांबले. हे लक्षण झाले, निदान नव्हे.

संशयित चार होते. उष्णता असेल, तर जड काम करतानाच यंत्र थांबते. पंख्यात धूळ साचलेली असते, आणि तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की प्रोसेसर स्वतःला वाचवू पाहतो. वीजपुरवठ्याचा भाग बिघडला, तर बहुधा निळा पडदाही न दिसता यंत्र एकदम विझते. त्याच्या १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट असावे लागतात. डिस्क आजारी असेल, तर फायली उघडताना यंत्र खोळंबते. आणि मेमरी सदोष असेल, तर वेळेचा नेम नसतो व त्रुटीचा संदेश दर वेळी निराळा असतो.

आमच्या वहीत नेमके हे शेवटचेच चित्र उमटले होते. तापमान ६८ अंशांपुढे जात नव्हते, व्होल्टही ठीक होते. तेव्हा पेन ड्राइव्हवर ‘मेमटेस्ट८६’ घेऊन रात्रभर चाचणी चालवली. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. येथे एकही चूक क्षम्य नसते.

दोन पट्ट्यांपैकी एकेक स्वतंत्रपणे तपासली. एक निर्दोष निघाली. दुसरी तिच्याच खाचेत लावून पाहिली, तरी चुका आल्या. म्हणजे दोष खाचेचा नव्हे, पट्टीचा. एका वेळी एकच बदल केला, म्हणून हे कळले. सगळे भाग एकदम बदलले असते, तर यंत्र बरे झाले असते, पण रोग कोणता हे समजले नसते.

खरा धक्का पुढे होता. सदोष मेमरी यंत्र बंद पाडते, तशीच ती न बोलता माहितीही बिघडवते. काही बालकांच्या नोंदींच्या फायली उघडेनात. रोज रात्री होणारी प्रतही निरुपयोगी ठरली, कारण बिघडलेली फाइल जुन्या चांगल्या फायलीवर चढत होती. आयांनी जपून ठेवलेल्या कार्डांवरून त्या नोंदी आम्ही पुन्हा भरल्या. एका बाळाचा गोवराचा दुसरा डोस झाला की नाही, याचे उत्तर शेवटी त्या चुरगळलेल्या कार्डानेच दिले.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती. संगणक वारंवार बंद पडू लागला, तर दुरुस्तीआधी त्यावर नव्या नोंदी करणे थांबवा आणि जुन्या प्रती वेगळ्या काढून ठेवा. प्रत तारीखवार असावी, जुनीवर नवी चढवू नये. पेटी उघडण्यापूर्वी वीज तोडून तार काढावी. वीजपुरवठ्याची डबी मात्र कधीही उघडू नये. बंद असतानाही तीत धोकादायक भार उरलेला असतो.

पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली. आयांना मात्र मी आता आवर्जून सांगतो, ‘ताई, कार्ड जपा.’