औषध माणसाला, मात्रा सापाची

तापाचं औषध लिहून देताना डॉक्टर लेकराचं वजन विचारतात. सर्पदंशात तसं होत नाही. समजा, सोलापूरच्या सिव्हिलमध्ये आठ वर्षांची मुलगी आणि तिचा धिप्पाड बाप, दोघंही घोणस चावून आले. प्रतिविषाची मात्रा दोघांनाही सारखीच मिळेल. डोस ठरतो तो सापानं किती विष सोडलं असेल यावर, आणि समोर लहान मूल आहे म्हणून साप काही हात आखडता घेत नाही.

प्रतिविषाच्या बाटलीत पांढरी भुकटी असते. ती १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवतात. त्यातल्या एका मिलिलिटरनं किती विष निकामी होतं, ते बाटलीवरच छापलेलं असतं: नाग ०.६ मिलिग्रॅम, घोणस ०.६, मण्यार ०.४५ आणि फुरसं ०.४५. म्हणजे एकाच बाटलीत चार सापांचा बंदोबस्त!

सोलापूर जिल्ह्यात हे चौघंही सापडतात. रब्बी ज्वारीच्या रानात दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे नाग नि घोणस. कडब्याची गंज, बांधावरचा दगडांचा ढीग, उसाचा पाचोळा या त्यांच्या हक्काच्या जागा. फुरसं खडकाळ माळावर रमतं. मण्यार रात्री बाहेर पडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत पोचते. याच जिल्ह्यातल्या शेटफळमध्ये नागाला घरचा मानतात, त्याला मारत नाहीत. इतरत्र मात्र साप दिसला की आधी काठी शोधली जाते.

अमेरिकेत काही जण सापासाठी रिव्हॉल्वरमध्ये गोळीऐवजी बारीक छर्‍यांचं काडतूस ठेवतात, हौशी लोक तर ते घरीच भरतात. छर्रे फाकत जातात, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी भागतं. पण काही पावलांपलीकडे ते इतके विखुरतात नि मंदावतात की उपयोग उरत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं या सापांना संरक्षण आहे. तो नसता तरी मारून प्रश्न सुटला असता का? हा प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे. इंग्रज सरकारनं रत्नागिरी जिल्ह्यात मेलेल्या फुरशामागे बक्षीस लावलं. डिसेंबर १८६२ मध्ये बक्षीस वाढवल्यावर आठवडाभरात एक लाखाहून जास्त फुरशी मारून आणली गेली. पुढे सहा वर्षं दरसाल सरासरी सव्वादोन लाख फुरशी मारल्याची नोंद आहे. कोकणात फुरसं आजही आहे. फुरशाची मादी अंडी घालत नाही, एका वेताला अनेक जिवंत पिल्लंच देते. अशा प्राण्याशी संख्येच्या जोरावर लढता येत नाही.

मग लढायचं कशाशी? साप चावून निघून गेलेला असतो, अंगात उरतं ते विष. आणि विष तरी केवढं हुशार! कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकणारी घोणस चावली की तिच्या विषातली प्रथिनं रक्त गोठवणारी यंत्रणाच चालू करून टाकतात. गरज नसताना शिरांमध्ये गोठण्याची क्रिया सुरू होते, गोठायला लागणारा सगळा माल त्यातच संपतो, आणि मग रक्त गोठायचंच थांबतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं, मूत्रपिंड बंद पडू शकतं.

हे ओळखायची चाचणी इतकी साधी आहे की खेड्यातल्या दवाखान्यातही जमते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, तर विष भिनलं आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानंच रक्त गोठायला लागतं. प्लॅस्टिकची नळी फसवते.

आता उतारा. मुंबईत परळला १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या प्रयोगशाळेचं पुढे हाफकिन संस्था असं नाव झालं, आणि तिच्यातून निघालेल्या कंपनीनं प्रतिविष बनवण्याचं काम चालवलं. यातला खरा कारागीर आहे घोडा. त्याला आधी बाधणार नाही इतकं थोडं विष टोचतात, मग कित्येक आठवडे मात्रा वाढवत नेतात. घोड्याचं शरीर त्या विषाला ओळखणारी प्रतिपिंडं घडवतं. त्याचं रक्त काढून तांबड्या पेशी त्याला परत देतात आणि उरलेल्या द्रवातून प्रतिपिंडं वेगळी करतात. पेप्सिन या पाचक रसानं त्यांची शेपटी छाटतात, कारण माणसाचं शरीर मुख्यतः त्या शेपटीवर चवताळतं. विषाला धरणारे दोन हात तेवढे राहतात. छर्रा दिसेल त्यावर आदळतो. हे हात मात्र रक्तातल्या असंख्य प्रथिनांमधून नेमकं विषच हुडकून काढतात.

बाटलीवरच्या आकड्यांचा हिशेब आता लागतो. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. सुरुवातीला बहुधा दहा बाटल्या देतात, म्हणजे १०० मिलिलिटर. ०.६ नं गुणलं की ६० मिलिग्रॅम. गरज पडली तर पुढच्या बाटल्या असतातच.

तरी या हातांना मर्यादा आहेत. मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांशी जाऊन बसतं आणि तिथली यंत्रणाच मोडतं. दंश दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, मग श्वास थांबतो. बसलेलं विष प्रतिविषाला सोडवता येत नाही. मज्जातंतूची टोकं पुन्हा वाढेपर्यंत रुग्णाला व्हेंटिलेटरवर जगवावं लागतं.

दुसरी अडचण भूगोलाची आहे. घोड्यांना टोचलं जाणारं बरंचसं विष तमिळनाडूतून येतं. तिथे १९७८ मध्ये इरुळा आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली, पूर्वी कातड्यासाठी साप पकडणारे हात आता विष काढून सापाला रानात सोडतात. पण जात एक असली तरी विष सगळीकडे सारखं नसतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासांतून दिसलं की प्रदेश बदलला की विषाची घडण बदलते आणि प्रतिविषाची धारही. म्हणून प्रदेशागणिक प्रतिविष हवं, अशी मागणी वाढते आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यामुळे हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

मारुतीच्या देवळात नेलेला, मांत्रिकानं उतरवलेला माणूस कधी कधी वाचतो, हे खरं आहे. कारण विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही, आणि असे कोरडे दंश मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात. दंश कोरडा आहे की नाही, हे चावलेल्या जागेकडे पाहून कळत नाही. आणि प्रतिविष धरू शकतं ते फक्त मोकळं विष. म्हणून वेळ दवडू नका: करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन लावा. साप मारून सोबत नेण्याचीही गरज नाही. चारांपैकी कोणताही असला, तरी बाटली एकच आहे.