गाडीची चमक आणि कारागिराची रोजी
पोहरादेवीच्या रस्त्यावर पेंटर आणि कुशनवाल्यांसाठी नवे काम

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा आणि कर्नाटकातूनही भाविक येतात. एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर वाहतूक करणारा हा समाज. आज त्याच समाजाची माणसे जीप आणि मोटारींनी येथे पोहोचतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि यात्रेखेरीज इतर दिवशीही पाहुणे येण्याचे एक कारण वाढले.

आता प्रश्न असा की, या वाहनांपासून आपल्या कारागीर बंधूंना काय मिळते? पंक्चर, हवा, फार तर गाडी धुण्याचे काम. मानोरा, दिग्रस, कारंजा, मंगरूळपीर या गावांत डेंटिंग-पेंटिंग करणारे, सीट शिवणारे, रेक्झीनचे काम जाणणारे हात आहेत. पण अपघात झाला तरच पेंटर आठवतो आणि सीट फाटली तरच कुशनवाला. गाडीचा रंग आणि आतली सीट बिघडूच नये म्हणून होणारे काम शहरात ‘डिटेलिंग’ या नावाने चालते. त्याला मोठे भांडवल लागत नाही, समज मात्र लागते. ही समज नसेल तर फायद्याऐवजी भरपाई पदरात पडते. म्हणून हा लेख.

रंग बदलला, रीत बदलली पाहिजे

ज्यांनी अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीवर काम शिकले, त्या उस्तादांना आठवत असेल की, रबिंग करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा. तो रंग एकाच थराचा होता. वरचा उडालेला भाग घासून काढला की खालचा ताजा रंग चमकायचा. आजच्या बहुतेक गाड्यांचा रंग असा नाही. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर बिनरंगी क्लिअर कोट असतो. चमक त्या क्लिअरची असते. ऊन आणि पाणीही तोच झेलतो.

हा क्लिअर साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. वहीचा एक कागद सुमारे 100 मायक्रॉन धरला, तर क्लिअर त्याच्या निम्मा झाला. जोरदार कंपाउंड आणि फिरती बफिंग मशीन एकाच जागी धरली, विशेषतः बॉनेटच्या कडेवर, तर तो काही क्षणांत संपतो. मग पुन्हा फवारणी करण्याशिवाय इलाज राहत नाही. क्लिअर गेलेला भाग कितीही पॉलिश लावले तरी चमकत नाही.

यावरून कामाचे सूत्र निघते. चमक घासून आणायची नसते, आहे तो थर जपायचा असतो. आधी नीट धुवावे. ओरखडा दिसला तर सर्वांत सौम्य पॉलिशने हातभर जागेत करून पाहावे. तेवढ्याने भागले तर पुढे जाऊ नये. नखाला अडकणारा ओरखडा बहुधा पॉलिशने जात नाही. गिऱ्हाइकाला ते आधीच सांगावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. रंगकाम आधी झालेले दार किंवा लांबी भरलेला भाग त्यावर लगेच कळतो. ते घेणे परवडत असेल तर अवश्य घ्यावे.

बहुतेक ओरखडे धुण्यातच पडतात

आपल्या भागात धूळ भरपूर. ती कोरड्या फडक्याने पुसली की त्यातले बारीक कण रंगावर घासले जातात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. म्हणून आधी पाण्याने धूळ सोडवावी, मगच हात लावावा. दोन बादल्या ठेवाव्यात. एकीत गाडीचा शांपू, दुसरीत साधे पाणी. प्रत्येक भाग झाला की मऊ हातमोजा साध्या पाण्यात पिळून मगच शांपूत बुडवावा. चाकांसाठी वेगळे फडके असावे. 15 लिटरच्या दोन-तीन बादल्यांत काम आटोपते. उन्हाळ्यात पाणी जपणाऱ्या गावासाठी ही बाब लहान नाही.

कपड्याची पावडर आणि रॉकेलचे फडके दोन्ही बंद करावेत. पावडर रंगावरचे मेण धुऊन नेते. रॉकेलची चमक तेलकट असते, तिच्यावर धूळ उलट अधिक चिकटते.

बोअरच्या पाण्यात क्षार असतात. तापलेल्या पत्र्यावर ते सुकले की पांढरे डाग पडतात आणि तसेच राहिले तर क्लिअरमध्ये रुततात. त्यामुळे गाडी सकाळी किंवा सावलीत धुवावी आणि लगेच टिपून कोरडी करावी. पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते. वैशाखाच्या उन्हात ती काही तासांत रंगावर खूण सोडते. ती खरवडू नये. ओले फडके थोडा वेळ ठेवून, मऊ करून उचलावी. शेवटी मेणाचा हात द्यावा. कार्नाउबा नावाचे मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. आपल्या उन्हात ते फार काळ टिकत नाही, म्हणून गिऱ्हाईक पुन्हा येते. सिरॅमिक कोटिंग अधिक टिकते, पण खालचा रंग स्वच्छ आणि निर्दोष केल्याशिवाय ते लावले तर दोषही त्याखाली बंद होतात.

सीट चामड्याची की रेक्झीनची?

कुशनवाल्या बंधूंनी हे आधी ओळखावे. गिऱ्हाईक ‘लेदर’ म्हणते, पण आपल्याकडील बहुतेक गाड्यांत सीटचे आवरण कापडावर प्लास्टिकचा थर दिलेले असते. उलट बाजू दिसली तर ओळख सोपी आहे. खऱ्या चामड्याला मागे तंतू दिसतात, नकली मालाला विणलेले कापड.

खरे चामडे असले तरी गाडीतल्या चामड्यावर बहुधा रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. जोड्याला किंवा खोगिराला तेल पाजतात तसे खोबरेल तेल येथे मुरत नाही. ते वर राहते, धूळ धरते आणि कपड्यांना लागते. बुटाचे पॉलिश, थिनर, पेट्रोल, स्पिरिट यांपैकी काहीही वापरू नये. थिनरने डाग जातो, पण त्याबरोबर थरही जातो. सौम्य साबणाचा फेस, मऊ ब्रश आणि पिळलेले ओले फडके एवढे पुरते. पाणी शिलाईत मुरू देऊ नये.

नवी गाडी घेतली की देवस्थानी नेऊन पूजा करण्याची रीत आहे. त्यामुळे पोहरादेवीच्या रस्त्यावर हळद-कुंकवाचे डाग वारंवार समोर येतील. ओली हळद घासली तर पसरते. आधी कोरडी झटकावी, नंतर साबणाच्या फेसाने टिपून घ्यावी. उरलेली पिवळी छटा उन्हाने हळूहळू फिकी होते. बॉनेटवर लिंबाचा रस किंवा नारळाचे पाणी सांडले असेल तर लगेच साध्या पाण्याने धुवावे.

जिवाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट शिलाईची. आता अनेक गाड्यांत सीटच्या बाजूला एअरबॅग असते आणि तेथे तशी छोटी पट्टी शिवलेली असते. त्यावर मजबूत दोऱ्याने कव्हर शिवले तर अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडण्यास अडथळा येतो. अशा सीटला त्या बाजूने मोकळे असलेले किंवा त्यासाठीच बनवलेले कव्हर घालावे. गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी हे काम नाकारावे. तसेच स्टिअरिंग आणि पायाच्या पेडलला चमकीचा स्प्रे कधीही मारू नये. ते निसरडे होतात.

दुसरी गोष्ट कारागिराच्या छातीची. दोन भाग मिसळून मारायच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या वाफेने दमा जडू शकतो. रुमाल बांधून संरक्षण होत नाही. योग्य मास्क आणि मोकळी हवा हवीच.

सुरुवात कशी करावी?

भट्टी आणि स्प्रे बूथची घाई नको. सावलीची शेड, पाण्याची टाकी, व्हॅक्यूम, चांगली मायक्रोफायबर फडकी आणि हलक्या हाताने चालणारी ड्युअल अॅक्शन पॉलिशर इतक्यावर काम सुरू होते. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50 हजार रुपयांपर्यंतचे कर्ज आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर अशा सेवा व्यवसायाला सामान्यतः जीएसटी नोंदणी सक्तीची नाही.

गाडी ताब्यात घेताना तिच्याभोवती गिऱ्हाइकासह एक फेरी मारावी आणि आधीचे ओरखडे वहीत लिहून त्याची सही घ्यावी. नंतरचा वाद तेथेच मिटतो. भाव कामापूर्वी सांगावा. यात्रेत गर्दी पाहून दर वाढवणारा एकदाच कमावतो. यात्रेकरू दूरचा असला तरी तो दरवर्षी याच रस्त्याने येतो आणि आपल्या गावच्या चार गाडीवाल्यांनाही सांगतो. पेंटर आणि कुशनवाला यांनी एकाच शेडमध्ये भागीत काम केले तर बाहेरची गाडी एकाच्या हाताला आणि आतली दुसऱ्याच्या हाताला लागेल. हुनर आपल्याकडे आहेच. त्याला नव्या रंगाची आणि नव्या सीटची माहिती जोडली, तर अपघाताची वाट पाहत बसण्याची वेळ येणार नाही.