इंजिनाचा कान

छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादला जाताना दौलताबादचा घाट लागतो. चढावर मोटार वरच्या गिअरमध्येच चालवली, तर इंजिनातून कधीकधी 'टक् टक्' असा आवाज येतो. यालाच 'नॉकिंग' म्हणतात.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण पेटते. ज्योत क्रमाक्रमाने पसरते. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच भडकते. त्या हादऱ्यांनी पिस्टन खराब होऊ शकतो.

पूर्वी हा आवाज चालकालाच ओळखावा लागे. आता अनेक मोटारींच्या इंजिनावर 'नॉक सेन्सर' बसवलेला असतो. त्यात एक खास स्फटिक असतो. त्यावर दाब पडला की वीज निर्माण होते. स्फटिकांचा हा गुण १८८० साली फ्रान्समधील झाक आणि पिएर क्युरी या भावांनी शोधला. इंजिन हादरताच सेन्सर मोटारीतील छोट्या संगणकाला विजेचा संदेश देतो. संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो आणि नॉकिंग थांबते.

मात्र सेन्सरचा बोल्ट ढिला राहिला, तर हादरे त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. म्हणून तो ठरलेल्या जोरानेच आवळावा लागतो. कान चांगला असून भागत नाही. तो जागेवरही हवा!