घरातला स्टुडिओ : एकेका वस्तूने



फोटोचा छंद एकदा लागला की सहसा सुटत नाही. पण हा छंद माणसाला दोन वाटांनी नेतो. एक वाट जाते उजेडाकडे आणि माणसांच्या चेहऱ्यांकडे. दुसरी जाते थेट दुकानाकडे! या दुसऱ्या वाटेला लागलेला गृहस्थ दर दोन महिन्यांनी नवे सामान आणतो, आणि फोटो मात्र होते तसेच राहतात. बी-बियाणे, मुलांच्या फिया आणि औषधपाणी यांतून जे चार पैसे उरतात त्यांतच हा छंद चालवायचा असतो. तेव्हा घरी चेहऱ्याचे चांगले फोटो काढण्यासाठी कोणती वस्तू आधी घ्यावी, कोणती मागून घ्यावी आणि कोणती घेऊच नये, याचा आज थोडा विचार करू.

पहिला नियम असा, की आधी अडचण ओळखावी आणि मग वस्तू आणावी. एक साधी वही करा. पन्नास फोटो काढा आणि प्रत्येकात काय बिघडले ते एका शब्दात लिहा. हलला, काळा पडला, सावली पडली, पाठीमागे पसारा दिसला, असे. पन्नासांपैकी तीसमध्ये एकच दोष निघाला तर तोच दूर करणारी वस्तू घ्यावयाची, दुसरी नव्हे. वही जे मागत नाही ते विकत आणू नये.

आता आरंभ कशाने करावा? खिडकीने. खिडकी घरात आहेच, तिला पैसे पडत नाहीत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हा घरोघर विजेचे दिवे नव्हते. त्या काळचे चेहऱ्यांचे फोटो दिवसाच्या उजेडातच निघत. जिच्यातून थेट ऊन आत येत नाही अशी खिडकी निवडा. आपल्याकडे वर्षातला बराच काळ उत्तरेची खिडकी चांगली. मात्र मे-जूनच्या सुमारास दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कलतो. तेव्हा तिच्यावर पातळ पांढरे धोतर सोडावे. माणसाला खिडकीपासून दोन-तीन हातांवर, थोडे तिरपे बसवा. चेहऱ्याची एक बाजू उजळेल आणि दुसरी काळोखी राहील. त्या काळोख्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा धुतलेली चादर धरा. खिडकीचा उजेड तिच्यावर आपटून गालावर परत येतो. हा झाला आपला पहिला स्टुडिओ. खर्च शून्य.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या घरांच्या भिंती पुष्कळदा निळ्या नाहीतर हिरव्या असतात. उजेड भिंतीवर आपटला की भिंतीचा रंग घेऊन परत येतो, आणि चेहरा आजाऱ्यासारखा दिसतो. अशा वेळी कॅमेऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. भिंतीवर पांढरी चादर टांगावी. तसेच खिडकीचा उजेड येत असताना खोलीतला पिवळा दिवा लावू नये. दोन्हींचे रंग निराळे; एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा निघतो.

दुसरी तक्रार हमखास येते ती अशी, की आजोबांचा फेटा सुरेख आला, पण चेहरा काळा पडला. याचे कारण साधे आहे. कॅमेरा समोरच्या सगळ्या देखाव्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या रंगावर आणून ठेवतो. पांढरा फेटा, पांढरा सदरा, पांढरे धोतर एवढे पांढरे दिसले की त्याला वाटते, उजेड फार झाला; म्हणून तो सगळेच काळवंडून टाकतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवावा. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असते, ती अधिक एकवर न्यावी. ही सुधारणा फुकटची आहे.

आता पहिली खरेदी. माझ्या मते ती कॅमेऱ्याची नव्हे, ट्रायपॉडची असावी. घरातला उजेड आपल्या डोळ्याला भरपूर वाटतो, पण बाहेरच्या मानाने तो फारच थोडा असतो. त्यामुळे कॅमेरा आपले दार जास्त वेळ उघडे ठेवतो, आणि तेवढ्यात हात हलतो. ट्रायपॉड घेताना उंचीपेक्षा मजबुती पाहा. पाय पसरून वरून जरा दाबावे. डगमगला तर घेऊ नये.

शिक्षकांना ट्रायपॉडचा आणखी एक उपयोग आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्याथोड्या वेळाने टिपून तिचा छोटा चित्रपट केला होता. कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, हेच त्यातले मर्म. वर्गाच्या खिडकीत मटकीचे मोड ठेवून रोज एकाच वेळी एकच फोटो घेतला, तर मुले हा प्रयोग आजही करतील.

दुसरी खरेदी म्हणजे पडदा. साधे, बिनचुणीचे, न चमकणारे करड्या रंगाचे कापड पुरे. माणूस पडद्यापासून तीन-चार हात पुढे बसवावा, म्हणजे त्याची सावली पडद्यावर न पडता जमिनीवर पडते.

मग येते लेन्स. मोबाइल चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा आहे. चार-पाच फूट मागे सरा आणि दुप्पट जवळ आणणारी लेन्स मोबाइलमध्ये असेल तर ती वापरा. ज्यांच्याकडे लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे त्यांनी पन्नास मिलिमीटरची, एफ १.८ची साधी लेन्स घ्यावी. लेन्सच्या बाजारात ती स्वस्तातली समजली जाते, आणि कमी उजेडात फार कामाला येते. आपल्याकडे पुष्कळांजवळ असतात त्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर ती सुमारे पंचाहत्तर मिलिमीटरसारखे काम करते, म्हणजे चेहऱ्यासाठी अगदी बेताची.

यानंतर दिव्याकडे वळावे. खिडकी संध्याकाळी मावळते आणि आषाढात दिवसाही रुसते, तेव्हा दिवा हवा. श्रावणात आभाळ भरून आले की आपली सावली मऊ होते, आणि वैशाखाच्या उन्हात ती चाकूने कापल्यासारखी पडते. सूर्य तोच. फरक एवढाच, की ढग आले म्हणजे सगळे आभाळच दिवा होते. उजेड देणारी वस्तू मोठी आणि जवळ असेल तितकी सावली मऊ. फ्लॅशचे तोंड असते दोन-अडीच बोटांचे. तोच फ्लॅश स्टँडवर चढवून एक मीटरच्या पांढऱ्या छत्रीत सोडला की दिवा छत्रीएवढा होतो. म्हणून एक फ्लॅश, एक स्टँड, एक छत्री आणि तो दुरून उडवणारा ट्रिगर एवढे सामान पुष्कळ वर्षे पुरते. दिवा चेहऱ्यापेक्षा थोडा उंच आणि एका बाजूला ठेवावा. दुसऱ्या बाजूला आपली जुनी चादर आहेच!

दिव्याच्या अंतराचे गणित मुलांनाही शिकवावे असे आहे. उघडा दिवा एक मीटरवर असताना जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौथा हिस्सा दोन मीटरवर पडतो आणि नववा हिस्सा तीन मीटरवर. तेव्हा उजेड कमी पडला तर मोठा दिवा आणण्याआधी आहे तोच जवळ ओढून पाहावा.

एलईडी दिवा घेणार असाल तर त्याच्या खोक्यावर रंग खरे दाखवण्याचा आकडा असतो, त्याला सीआरआय म्हणतात. तो ९० च्या वर असावा. स्वस्त दिवे विजेबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोटोत आडवे पट्टे येतात. अशा वेळी शटर एक-शंभरांश किंवा एक-पन्नासांश सेकंदावर ठेवावे.

जुने सामान घेण्यात कमीपणा नाही. मात्र लेन्समधून विजेरीचा झोत टाकून पाहावा; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी आणि हात जोडून परत फिरावे. फार जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर थेट चढवू नये. काही जुन्या फ्लॅशचा दाब दोनशे व्होल्टच्याही वर असतो, आणि त्याने कॅमेरा कायमचा जाऊ शकतो. कोकणातल्या मंडळींनी पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, चामडे ओल धरते. स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी टाकावी. लहान मुलांच्या घरात हे फार अगत्याचे.

दुसरा दिवा, रंगीत पडदे आणि मोठा कॅमेरा ही सगळी शेवटची पायरी आहे. वहीने मागितले तरच तिच्यावर चढावे. नवा कॅमेरा वाईट उजेडाचा फोटो फक्त अधिक स्पष्ट दाखवतो.

आता म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? गावात एखादे म्हातारे माणूस जाते, आणि दहाव्याच्या आत घरात फोटोची शोधाशोध सुरू होते. मग आधार कार्डावरचा नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला चेहरा कापून, मोठा करून, चौकटीत बसवतात. चेहरा पुसट, डोळे ओळखू येत नाहीत. जिने चार पिढ्या वाढवल्या तिची घरात उरणारी आठवण तेवढीच. तुमच्या घरी खिडकी आहे, पांढरी चादर आहे, हातात मोबाइल आहे. येत्या रविवारी सकाळी आजीला खिडकीशी बसवा, तिच्या आवडीचे लुगडे नेसू द्या, दोन गोष्टी बोला आणि फोटो घ्या. तो दोन ठिकाणी जपून ठेवा आणि कागदावरही छापून घ्या. ट्रायपॉड पुढच्या हंगामात घेतला तरी चालेल.