आयोडीन जांभळे की तपकिरी? द्रावकाची करामत

लहानपणी अंगणात पडून गुडघा फुटला की आई कपाटातली छोटी बाटली काढायची आणि कापसाच्या बोळ्याने टिंक्चर आयोडीन लावायची. ते झोंबणे आणि तो तपकिरी डाग आमच्या पिढीच्या कोणत्याही वाचकाला आठवेल. पुढे मुंबईच्या शाळेत विज्ञानाच्या वहीत आम्ही गुरुजींच्या सांगण्यावरून एक ओळ लिहून घेतली : आयोडीनचे द्रावण तपकिरी असते. ती ओळ आम्ही अमेरिकेत येतानाही डोक्यात घेऊन आलो आणि इथल्या एका शाळेत वीस वर्षे तीच मुलांना शिकवली.

त्या वीस वर्षांतली एक वही आम्हांला अजून सलते. प्रयोगाच्या तासाला मुलांना आयोडीनचा एकेक लहान खडा दिला होता. एका मुलीच्या टेबलावरचे अल्कोहोल संपले होते, तेव्हा तिने शेजारच्या बाटलीतले हेक्झेन ओतले, म्हणजे पेट्रोलच्या जातीचा एक पातळ द्रव. तिने वहीत लिहिले, ‘द्रावणाचा रंग जांभळा.’ आम्ही उत्तरपत्रिकेशी ताडून पाहिले, तांबड्या शाईने काट मारली आणि दोन गुण कापले. मुलगी हुज्जत घालणारी नव्हती. तिने वही बंद केली. सुट्टीत लायब्ररीत बसून दुसरेच काही शोधत असताना आमच्या हाती हा विषय लागला, तेव्हा कळले की तिने डोळ्यांनी पाहिले तेच बरोबर होते. सप्टेंबरात शाळा उघडली तोवर तिच्या घरच्यांनी गाव बदलले होते.

म्हणून हा लेख. संपादकांनी ‘काहीतरी विज्ञानाचे लिहा’ म्हटले आणि आम्हांला ती वही आठवली.

आधी शब्द ठरवून घेऊ. साखर पाण्यात विरघळली तर साखर हे द्राव्य, पाणी हे द्रावक आणि सरबत हे द्रावण. इस्रायलमधल्या आमच्या नातवंडांना हेच ‘मेमेस’ आणि ‘तमीसा’ या नावांनी ठाऊक आहे. मेमेस म्हणजे द्रावक, तमीसा म्हणजे द्रावण. आपण सर्वसाधारणपणे धरून चालतो की द्रावक ही नुसती जागा आहे. पदार्थ त्यात राहतो, खोलीत पाहुणा राहावा तसा, आणि खोली बदलली म्हणून पाहुणा बदलत नाही. हा समज चुकीचा आहे, आणि आयोडीन हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण.

आयोडीनची वाफ जांभळी असते. हेक्झेनमध्ये किंवा कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये विरघळवले तरी जांभळेच. बेंझीनमध्ये ते लालसर दिसते. अल्कोहोल, ईथर, अ‍ॅसिटोन यांत तपकिरी. पूर्वी काही रसायनशास्त्रज्ञांना वाटे की तपकिरी द्रावणात आयोडीनचे अणू मोठे जथे करून राहत असतील. पण रेणूंचे वजन मोजून पाहिल्यावर दिसले की दोन्हीकडे रेणू तोच, दोन अणूंची जोडी. मग रंग का बदलतो?

या प्रश्नाच्या मागे अमेरिकेतला एक माणूस जवळजवळ आयुष्यभर लागला. जोएल हिल्डेब्रँड. जन्म १८८१, मृत्यू १९८३, म्हणजे शंभरी ओलांडलेला माणूस, आणि बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना आवडीने शिकवणारा प्राध्यापक. त्यांनी आयोडीनच्या द्रावणांच्या रंगावर १९०९ मध्ये निबंध लिहिला आणि चाळीस वर्षांनी, १९४९ मध्ये, बेनेसी या सहकाऱ्याबरोबर त्याच विषयाकडे परत आले. एकाच खड्याकडे चाळीस वर्षे पाहत राहणे आम्हां शिक्षकांना जमले असते तर ती वही वाचली असती.

बेनेसी आणि हिल्डेब्रँड यांनी काय केले? कोणता पदार्थ कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती गिळतो याचा आलेख काढतात, त्याला शोषण वर्णपट म्हणतात. जांभळ्या द्रावणात आयोडीन सुमारे ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश गिळते, उरलेला तांबडा आणि निळा मिळून डोळ्याला जांभळा दिसतो. अल्कोहोलमध्ये हे शोषण सरकून ४४५ च्या आसपास निळ्या भागात येते, मग उरतो तो तपकिरी. बेंझीनच्या द्रावणात मात्र त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. जंबूपार भागात, २९७ नॅनोमीटरपाशी, एक नवाच पट्टा उभा होता. तो एकट्या आयोडीनचा नव्हता, एकट्या बेंझीनचाही नव्हता. म्हणजे दोघांची काहीतरी जोडी जमत होती, एकास एक. पट्ट्याची उंची मोजून ती जोडी किती घट्ट आहे याचा हिशेब त्यांनी मांडला, आणि तो हिशेब आजही त्या दोघांच्या नावाने शिकवतात.

शिकागोच्या रॉबर्ट मुलिकन यांनी लगेच पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचा अर्थ लावला. बेंझीन, ईथर, अल्कोहोल यांच्याजवळ उसने द्यायला थोडे इलेक्ट्रॉन मोकळे असतात, आणि आयोडीन घ्यायला तयार असते. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन द्रावकाकडून आयोडीनकडे उडी घेतो, तोच नवा पट्टा. आणि प्रकाश पडण्याच्या आधीदेखील ही उसनवारी थोडीशी चालू असते. आयोडीनच्या दोन अणूंमधला बंध त्यामुळे किंचित सैल होतो आणि त्याचे कंपन मंद पडते. म्हणजे द्रावकाने केवळ रंग बदलला नाही, रेणूच्या बांधणीलाच हात घातला. हेक्झेनपाशी देण्यासारखे काही नाही, म्हणून त्यात आयोडीन वाफेसारखेच जांभळे राहते. मुलिकन यांना १९६६ चे नोबेल मिळाले, ते रेणूंतील बंधांवरच्या व्यापक कामासाठी.

(टिंक्चरबद्दल एक खुलासा. त्या बाटलीत आयोडीनबरोबर आयोडाइडचा क्षारही घालतात, त्यामुळे तिथल्या तपकिरी रंगात अल्कोहोलचा जसा हात आहे तसा तीन अणूंच्या आयोडाइड आयनाचाही आहे. शुद्ध प्रयोग करायचा तर खडाच हवा.)

आता दुसरी गोष्ट, आणि हिचा धागा आपल्या वाचकांच्या गावापर्यंत जातो. ब्रुकलीनमध्ये जन्मलेले एडवर्ड कोसोवर विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना त्यांनी १९५८ मध्ये एक कल्पना मांडली. कोणता द्रावक किती ‘ध्रुवीय’ आहे, म्हणजे त्याच्या रेणूंच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार कितपत आहे आणि भारित वस्तूला तो कितपत कवटाळतो, हे मोजण्यासाठी रंगालाच थर्मामीटर का करू नये? त्यांनी पिरिडिनियम आयोडाइडच्या जातीचा एक क्षार घेतला. त्यात धन पिरिडिनियम आणि ऋण आयोडाइड एकमेकांना चिकटून असतात. प्रकाश पडला की आयोडाइडचा एक इलेक्ट्रॉन पिरिडिनियमवर जातो आणि दोघेही भाररहित होतात. या उडीला लागणारी ऊर्जा द्रावकाप्रमाणे बदलते. तिला त्यांनी झेड हे अक्षर दिले.

अ‍ॅसिटोनमध्ये ही ऊर्जा दर मोलला ६५.७ किलोकॅलरी, म्हणजे शोषण ४३५ नॅनोमीटरला. साध्या अल्कोहोलमध्ये, म्हणजे इथेनॉलमध्ये ७९.६, शोषण ३५९ ला. मिथेनॉलमध्ये ८३.६, शोषण ३४२ ला. पाण्यासाठी आकडा ९४.६ निघतो. पाण्यात तो पट्टा पिरिडिनियमच्या स्वतःच्या शोषणाखाली झाकला जातो, म्हणून हा आकडा सरळ वाचून नव्हे तर मिश्रणांच्या मोजमापावरून पुढे ताणून काढावा लागला. क्षार तोच, बाटली तीच, फक्त द्रावक बदलला.

असे का व्हावे? आपल्या लग्नातली मेंदीची रात्र आठवा. नवरी मधोमध बसली आहे आणि सगळ्या मावश्या-आत्या तिच्याभोवती तोंड करून बसल्या आहेत, गाणी चालली आहेत. जितकी मंडळी जास्त आपुलकीची, तितका घोळका घट्ट. समजा नवरी एकदम ताडकन उठून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. एका क्षणासाठी सगळी मंडळी रिकाम्या पाटाकडे तोंड करून बसलेली राहतात. त्यांना वळायला वेळ लागतो. रेणूतही तसेच. इलेक्ट्रॉनची उडी इतकी झटपट होते की द्रावकाच्या रेणूंना फिरायला तिच्या कैक हजारपट वेळ हवा असतो. पाण्याचे रेणू आधीच्या भारित जोडीला कवटाळून बसलेले असतात. उडीनंतर भार नाहीसा होतो आणि सगळी मांडणी फुकट जाते. कवटाळणे जितके घट्ट, तितकी ते सोडवायची किंमत जास्त, म्हणून पाण्यात ऊर्जा जास्त आणि तरंगलांबी कमी.

कोसोवर पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुकला आणि १९७० च्या दशकात तेल अवीव विद्यापीठात गेले. तिथे पत्नी नेहामा यांच्याबरोबर त्यांनी रक्तपेशींतल्या ग्लुटाथायोनवर काम केले आणि त्याला चिकटल्यावर चमकू लागणारी ‘बायमेन’ नावाची रसायने बनवली. आम्ही भारतातून अमेरिकेला आलो आणि इस्रायलला जायचे राहूनच गेले. ते अमेरिकेतून थेट तिथे गेले. असो.

त्यांच्या क्षाराची अडचण अशी की तो हेक्झेनसारख्या द्रवात विरघळतच नाही आणि बरेचसे काम डोळ्याला न दिसणाऱ्या जंबूपार भागात होते. १९६३ मध्ये जर्मनीत मारबुर्गला डिमरॉथ आणि रायखार्ट यांनी असा रंग पुढे आणला की त्याची सगळी जादू डोळ्यांदेखत चालते : मिथेनॉलमध्ये लाल, इथेनॉलमध्ये जांभळा, अ‍ॅसिटोनमध्ये हिरवा, अ‍ॅनिसोलमध्ये पिवळा. रॉचेस्टरच्या कोडॅक कंपनीत फोटोच्या फिल्मसाठी रंग शोधणाऱ्या ब्रूकर यांचा एक रंगही असाच आहे, पाण्यात पिवळा आणि पिरिडीनमध्ये निळा. इथल्या कॉलेजांत तो मुलांकडून अजून बनवून घेतात.

सगळे रंग मात्र एकाच दिशेने सरकत नाहीत. इलिनॉयच्या ग्रेगोरिओ वेबर यांनी १९७९ मध्ये ‘प्रोडान’ हा रेणू आणला, त्याची चाल उलटी. प्रकाश पडल्यावर त्याचा भार कमी न होता दोन टोकांना अधिकच वेगळा होतो. शिवाय तो गिळलेला प्रकाश परत फेकतो, आणि त्याला काही अब्जांश सेकंद लागतात. तेवढ्यात मेंदीतल्या मंडळींना पाट वळवून नवरीकडे तोंड करायला सवड मिळते. म्हणून सायक्लोहेक्झेनमध्ये तो ४०० नॅनोमीटरच्या आसपास जांभळा चमकतो आणि पाण्यात ५३० च्या सुमाराला हिरवा. पेशीच्या पडद्यात असा रेणू सोडला की तो तेलकट भागात बसला की पाणथळ भागात, हे त्याच्या रंगावरूनच कळते. नाइल रेड नावाचा रंग चरबीच्या थेंबांत झळकतो आणि पाण्यात जवळजवळ विझतो, त्याचाही उपयोग असाच. म्हणून प्रयोगशाळेच्या वहीत आलेखाखाली द्रावकाचे नाव नसेल तर तो आलेख जाणकार हातात धरत नाहीत. तरंगलांबी लिहिली आणि द्रावक लिहिला नाही, तर अर्धे वाक्य लिहिले.

रेणूचे रूपच द्रावकाप्रमाणे पालटते याचे आणखी ठसठशीत उदाहरण म्हणजे अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन. याची दोन रूपे सतत एकमेकांत बदलत असतात. एका रूपात, एनॉल म्हणतात त्याला, हायड्रोजन रेणूच्या आतच दोन ऑक्सिजनांमध्ये अडकून कडे करतो. हेक्झेनमध्ये शंभरातले नव्वदाहून अधिक रेणू या रूपात असतात. पाण्यात पंधरा-वीसच. पाणी स्वतःच हायड्रोजन बंध द्यायला पुढे येते, मग रेणूला घरातल्या घरात हात धरून बसायची गरज उरत नाही.

आपल्या हळदीतले कुरकुमिन याच घराण्यातले. ते पाण्यात जेमतेम विरघळते, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. फोडणीत हळद तेलात घालतात ती उगाच नव्हे. कोकणात ज्यांना लोक शनवार तेली म्हणत त्या आपल्या पणजोबांना द्रावक हा शब्द ठाऊक नसेल, पण काय तेलात उतरते आणि काय उतरत नाही हे त्यांना घाण्यापाशी बसून पक्के ठाऊक होते.

ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांनी हे करून पाहावे. काचेचे तीन लहान पेले घ्या. एकात पाणी, एकात गोडेतेल, एकात औषधाच्या दुकानात मिळणारे रबिंग अल्कोहोल. प्रत्येकात चिमूटभर हळद ढवळा आणि दहा मिनिटे निवू द्या. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा हे स्वयंपाकाच्या शेगडीजवळ नको आणि हन्नुकाच्या दिव्यांजवळ तर मुळीच नको. मग खोलीत अंधार करून नोटा तपासायचा जांभळा यूव्ही टॉर्च प्रत्येक पेल्यावर धरा, डोळ्यांवर नाही. पाण्याचा पेला मंदच राहील. तेल आणि अल्कोहोल दोन्ही चमकतील, आणि नीट पाहिले तर दोघांची चमक सारखी नसेल : तेलातली जरा हिरवट, अल्कोहोलातली पिवळ्याकडे झुकणारी. मुलांना वहीत रंग लिहायला सांगा आणि समोर द्रावकाचे नाव. आणि मुलाने आपल्याला अपेक्षित नसलेला रंग लिहिला, तर लाल पेन उचलण्याआधी त्याच्या पेल्यात काय आहे ते वास घेऊन बघा.