घराच्या कामी देवदार

मुंबई-पुण्याकडे 'देवदार' म्हटले, की डोळ्यांपुढे फळांची खोकी येतात. खिळा ठोकताच उकलणारे, पावसाळ्यात बुरशी धरणारे आणि अखेर बंबात जाणारे ते लाकूड! वस्तुतः देवदारी म्हणून खपणाऱ्या या फळ्या बहुधा चीड किंवा तत्सम हलक्या वृक्षाच्या असतात. 'रघुवंशा'त कालिदासाने ज्याला शंकराचा मानलेला पुत्र म्हटले, तो वृक्ष आंब्याच्या पेटीसाठी खचित जन्मास आला नव्हता.

खऱ्या देवदाराची वने काश्मीरपासून कुमाऊंपर्यंत, सुमारे दीड ते तीन हजार मीटर उंचीवर आढळतात. त्याचा गाभा पिवळसर तपकिरी असतो आणि त्याला उग्र सुगंध येतो. हा सुगंधच त्याचे चिलखत होय. कारण ज्या तेलामुळे तो येतो, ते वाळवीला व बुरशीला मानवत नाही. चिडाच्या स्लीपरांना रुळांखाली घालण्यापूर्वी क्रिओसोट पाजावे लागे. देवदाराच्या गाभ्याला त्याची गरज नसे. मात्र हा गुण गाभ्याचाच. सालीलगतचे पांढरट लाकूड लवकर किडते, आणि सुतार ते तासून टाकत नसेल, तर घरधन्याने त्यास अवश्य हटकावे. देवदार सागाहून हलका व कापण्यास सुलभ आहे. दोष एवढाच, की गाठींतून तेल पाझरत राहते व त्यावर रंग-पॉलिश नीट धरत नाही. दिवाणखान्यातील खुर्चीला आपले शिसवीच बरे. देवदार शोभतो तो तुळईला आणि खांबाला. श्रीनगरच्या जामा मशिदीचे छत साडेतीनशेहून अधिक देवदारी खांबांनी तोलले आहे. मनालीचे हिडिंबा मंदिर, १५५३ साली बांधलेले, याच लाकडाचे.

परंतु देवदाराची खरी परीक्षा हिमाचलातील साध्या घरांत झाली. तेथील भिंतीत एक थर दगडांचा, त्यावर एक थर देवदारी तुळयांचा, असे थर चढत जातात. दगडांत चुना नसतो. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अंगाला एकेक तुळई ठेवून त्या दोन्ही आडव्या लाकडांनी जखडतात, आणि कोपऱ्यावर दोन भिंतींच्या तुळया एकमेकींवर आडव्या बसवितात. म्हणून या रीतीस 'काठ-कुणी' म्हणतात. काठ म्हणजे काष्ठ, कुणी म्हणजे कोपरा. दगड भार सोसतो, ताण सोसत नाही. तो लाकूड सोसते. जमीन हादरली, की सांधे किंचित सरकतात, दगड एकमेकांवर घासतात आणि हादऱ्याचा जोर त्यातच जिरतो. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याच्या भूकंपात वीस हजारांच्या आसपास माणसे दगावली. कुलू खोऱ्यातील नग्गरचा जुना राजवाडा मात्र उभा राहिला. ज्यांना १९९३ सालचे किल्लारी आठवते, त्यांना याचे मोल सांगावयास नको. तेथे दगडमातीच्या जाड भिंतींना मध्ये बांधून धरणारे काही नव्हते. त्या झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

आज नवी काठ-कुणी घरे क्वचितच उठतात. देवदार सावकाश वाढतो, आणि १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी वृक्षतोडीस कडक निर्बंध आले. वने राखण्यासाठी ते आवश्यकच होते. पण त्यामुळे डोंगरातला माणूस सिमेंटकडे वळला, आणि पुष्कळदा भूकंपाचा विचार न करता वळला. जुने घर उतरविताना जाणते मिस्त्री तुळया जपून सोडवितात, किडलेली टोके कापतात आणि उरलेला गाभा दुसऱ्या भिंतीत बसवितात.