वसुलीवाला दारात आला म्हणजे जप्ती आली असं नाही

शाहूवाडी तालुक्यात मायक्रोफायनान्सचा हप्ता थकलेल्या घरात पहिली भीती असते ती पोलिसांची. ती काढून टाका. निव्वळ कर्ज थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. चेक वटला नाही किंवा खोटी कागदपत्रं दिली, तर गोष्ट वेगळी.

बिनतारण कर्जापोटी टीव्ही, भांडी उचलून न्यायचा अधिकार वसुलीवाल्याला नाही. तो कोर्टाकडून यावा लागतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मायक्रोफायनान्ससाठी केलेल्या नियमांत सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, थकबाकीदाराचं नाव जाहीर करणं, हेही बंद. गल्लीत चारचौघांत बाईची अब्रू काढणं ही वसुली नव्हे, छळ आहे.

‘तीन वर्षं झाली, कर्ज बुडालं’ हे मात्र अर्धंच खरं. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या बिनतारण कर्जाचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत टळली की कोर्टाचा रस्ता बंद होतो. देणं पुसलं जात नाही. माणसं फसतात ती इथेच. ‘काकी, पाचशे भरा, इथं सही करा, पुढचं मी बघतो.’ मुदतीच्या आत केलेल्या अशा लेखी कबुलीने तीन वर्षं नव्याने सुरू होतात. मुदत टळल्यावरही ‘फेडीन’ असं लिहून सही केली, तर ते वचन कायद्याने बांधतं. शिकलेल्या माणसाकडून कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

पतसंस्थेचं गणित निराळं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली तिला निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावर वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. दाखल्याच्या सुनावणीची नोटीस आली तर तारखेला हजर राहून म्हणणं लेखी मांडा. घरात बसलात तर दाखला एकतर्फी निघतो.

बँक किंवा फायनान्स कंपनीने त्रास दिला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. चौकशीचा फोन १४४४८. महिलांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.

ऐपत असेल तर कर्ज फेडावंच. तडजोडीची रक्कम लेखी घ्या, पैसे संस्थेच्या खात्यावरच भरा आणि बेबाकी दाखला मागून घ्या.